शारजा ते दुबई, सात मिनिटांत

सव्वीस वर्षांत मुरलीधर टिपणीसने मराठी मित्रमंडळाकडे सव्वीस अर्ज केले आणि सव्वीसच्या सव्वीस लतिकाताई देवस्थळींनी गोड हसून बाजूला ठेवले. सत्ताविसाव्या अर्जाला मात्र सात मिनिटं मिळाली. मागितली होती बारा.

लतिकाताई मंडळाच्या सांस्कृतिक सचिव. मंडळाचे अध्यक्ष आले नि गेले, कोणी कॅनडाला, कोणी कायमचा पुण्याला. या मधल्या काळात दुबईत समुद्रात बेटं तयार झाली, वाळवंटात बर्फ पडायला लागला, पण ताईंची खुर्ची तसूभर हलली नाही. स्नेहसंमेलनात कोण नाचणार, कोण गाणार आणि कोण खुर्च्या लावणार हे त्याच ठरवत. मुरलीधर सव्वीस वर्षं खुर्च्याच लावत होता.

त्याच्याबरोबर खुर्च्या लावायला असायचा निनाद ओगले. अर्जही तोच लिहायचा, शाईच्या पेनाने, वळणदार अक्षरात. दोघे सत्त्याण्णव साली शारजातल्या रोल्लामध्ये एका खोलीत राहायचे. खोलीत सहा माणसं, एक पंखा आणि निनादचा एक टेपरेकॉर्डर होता. त्या टेपरेकॉर्डरवर निनादने मुरलीधरला पहिल्यांदा क्राफ्टवेर्क ऐकवलं, आणि उरलेल्या चौघांनी पहिल्यांदा खोली बदलायचा विचार केला.

ही जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फची मंडळी. गिटार नाही, केस वाढवणं नाही, स्टेजवर उड्या नाहीत. चौघे जण लाल शर्ट, काळा टाय घालून आपापल्या यंत्रासमोर उभे राहणार, आणि चेहऱ्यावर भाव म्हणाल तर पासबुक भरून देणाऱ्या कारकुनाचा. गाणी कशावर? तर हायवेवर, आगगाडीवर, कॅल्क्युलेटरवर. पुढे पुढे तर एखाद्या गाण्याला ते स्वतः आत जायचे आणि स्टेजवर आपल्याऐवजी यंत्रमानव उभे करायचे. निनादला हे फार म्हणजे फारच आवडलं होतं. कलाकाराने रजा घ्यावी आणि कार्यक्रम तरीही व्हावा, ही सुधारणा त्याच्या मते संगीतात हजार वर्षांत झाली नव्हती.

मुरलीधरला त्यात संगीत किती कळत होतं देव जाणे. तो मोठमोठ्या इमारतींच्या एसीची यंत्रणा सांभाळणारा इंजिनिअर. पण दिवसभर प्लांटरूममध्ये चिलरची घरघर ऐकणाऱ्या माणसाला कोणीतरी सांगितलं, की बाबा रे, हे जे तू ऐकतोस ना, यालाही ताल आहे. मुरलीधर त्या एका वाक्यावर विकला गेला.

निनाद साइनबोर्ड करणाऱ्या कंपनीत होता. राहायचा शारजात, ऑफिस दुबईत, करामाला. बावीस वर्षं तो रोज त्या रस्त्याने गेला आणि आला. ज्याने शारजा-दुबई रस्त्यावर सकाळी साडेसातला गाडी काढली आहे त्याला जास्त सांगायला नको, आणि ज्याने काढली नाही त्याने आपल्या आईवडिलांच्या पुण्याईला हात जोडावेत. निनाद म्हणायचा, की जर्मनांनी पळत्या गाडीवर गाणं केलं यात काय मोठंसं? गाडी पळत असेल तर कोणीही गाईल. आपण न पळणाऱ्या गाडीवर करू.

आणि त्याने ते केलं. एका सकाळी डॅशबोर्डवर रेकॉर्डर ठेवला, एक जुना कीबोर्ड आणला, आवाज यंत्रासारखा करणारी एक पेटी कुठून तरी पैदा केली आणि सत्तेचाळीस मिनिटांचा तुकडा तयार झाला. त्यात खाली इंजिनाची एकसुरी घरघर, वर इंडिकेटरची टिकटिक, आणि मधूनमधून निनादचा पत्र्याचा झालेला आवाज. ‘रोल्ला. निघालो.’ मग बराच वेळ घरघर. ‘अल नहदा. थांबलो.’ पुन्हा घरघर. ‘अल नहदा. अजून थांबलो.’ असं करत करत ममझार, देरा, मकतूम ब्रिज, आणि अगदी शेवटी, ‘करामा. पोचलो. खलास.’

हा तुकडा लतिकाताईंनी एकदा स्वतःच्या घरी ऐकला होता. चहा झाला, चिवडा झाला, पंधरा मिनिटं झाली, तेव्हा त्यांनी विचारलं की गाणं कधी सुरू होतं. त्यांचे यजमान आतून आले आणि फ्रिजमागे वाकून बघायला लागले. त्या वर्षी ताईंनी सुचवलं, की शेवटी एखादं कोळीगीत जोडलंत तर विचार करता येईल. निनादने कोळीगीत जोडलं नाही. पुढच्या वर्षी तोच अर्ज, तेच वळणदार अक्षर.

गेल्या वर्षी मात्र त्याने सत्तेचाळीस मिनिटांची बारा केली. आयुष्यात केलेली एकुलती एक तडजोड. तोही अर्ज बाजूला गेला. आणि या मार्चमध्ये, एका सुट्टीच्या दिवशी सकाळी, चहा गाळता गाळता निनाद ओगले गेला. बायको नव्हती, मूल नव्हतं. लग्नाचं विचारलं तर म्हणायचा, घरात वायरींनाच जागा नाही. मुरलीधरने चार ऑफिसांत रांगा लावल्या, शिक्के घेतले आणि मित्राला नाशिकला भावाकडे पाठवलं. विमानात, पण खाली, सामानाच्या बाजूला. जिवंतपणी एकदाही वेळेवर न पोचलेला माणूस त्या दिवशी वेळापत्रकाप्रमाणे पोचला, आणि मुरलीधर विमानतळाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून एसी पूर्ण सोडून मोठमोठ्याने रडला.

ऑक्टोबरमध्ये मंडळाची मीटिंग झाली. संमेलनाच्या सुरुवातीला वर्षभरात गेलेल्या सभासदांना श्रद्धांजली वाहतात, दोन मिनिटं उभं राहून. मुरलीधरने निनादचं नाव यादीत घालायला सांगितलं. लतिकाताईंनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि चष्मा कपाळावर नेला.

“मुरलीधर, मला पण वाईट वाटतंय. पण रूल इज रूल. मेंबरशिप चालू असेल तरच नाव घेतो आपण. ओगलेंनी दोन वर्षं रिन्यू केली नव्हती.”

“तो मेलाय, ताई. आता कसा रिन्यू करणार?”

“तेच तर म्हणतेय मी.”

मुरलीधर एसीवाला माणूस, सहसा तापत नसे. त्या दिवशी तापला. सव्वीस वर्षांच्या खुर्च्या त्याने एकेक करून मोजून दाखवल्या. शेवटी हेही सांगितलं, की डिसेंबरात तो रिटायर होतोय, व्हिसा संपतोय, बावधनच्या फ्लॅटचे पडदेसुद्धा शिवून झालेत, म्हणजे हे त्याचं शेवटचं संमेलन. तो मंडळाकडे काही मागत नाही, फक्त निनादची बारा मिनिटं मागतोय. मीटिंगमध्ये सगळे आपापल्या फोनमध्ये पाहायला लागले. ताईंनी बराच वेळ पेन टेबलावर आपटलं आणि सात मिनिटं दिली. बालनृत्य आणि सत्कार यांच्या मध्ये. वर एक सेकंद झाला तर पडदा पाडेन, असंही बजावलं.

आता प्रश्न होता बारा मिनिटांची सात करायचा, आणि त्यासाठी मुलीकडे जाण्याचा. सान्वी तेवीस वर्षांची. जन्म इथला, शाळा इथली, मराठी समजायचं सगळं पण बोलायची इंग्लिश. आठवडाभर मीडिया सिटीतल्या ऑफिसात काम करायची आणि शनिवारी अल कूझमधल्या कुठल्यातरी गोदामात लॅपटॉपवर धडधडधड काहीतरी वाजवायची. त्याला टेक्नो म्हणतात. तुला कळणार नाही, असं तिने बापाला सतराव्या वर्षीच सांगून ठेवलं होतं आणि बापाने ते मानलंही होतं.

डिस्कव्हरी गार्डन्समधल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मुरलीधरने तिच्यापुढे निनादच्या तुकड्याची फाइल आणि रोल्लातली क्राफ्टवेर्कची जुनी कॅसेट ठेवली. सान्वीने कॅसेट उलटीसुलटी करून पाहिली. मग बापाकडे पाहिलं.

“वेट. यू नो क्राफ्टवेर्क?”

तिचं म्हणणं असं पडलं, की ती जे वाजवते, तिचे मित्र जे वाजवतात, जगात जिथे जिथे लोक धडधडधड ऐकून नाचतात, त्या सगळ्याच्या मुळाशी हे चार जण आहेत. एव्हरीथिंग, बाबा, लिटरली एव्हरीथिंग. हे तिला गेल्या वर्षी एका बर्लिनच्या मुलाने सांगितलं म्हणे, आणि तेव्हापासून ती त्यांना देव मानते. मुरलीधर म्हणाला, की बर्लिनचा मुलगा कशाला पाहिजे, निनादकाकाने तू दीड वर्षांची असताना सांगितलं होतं, तू त्याच्या मांडीवर याच कॅसेटवर झोपायचीस. दुसरं काही लावलं की रडायचीस. स्वयंपाकघरातून सान्वीच्या आईने, अनुपमाने दुजोरा दिला, की निनादभावजी आले की निदान पोर तरी झोपायची, आमचं डोकं दुखायचं ते वेगळं.

 हेडफोन लावून सान्वीने बारा मिनिटं ऐकली, मग पुन्हा ऐकली. काका असले काही करायचे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. हेडफोन काढले तेव्हा डोळे पुसत होती, पण बोलली ती कामाचंच.

“सेव्हन मिनिट्सला ही इज स्टिल इन शारजा, बाबा.”

खरंच होतं. सातव्या मिनिटाला निनाद अल नहदाला थांबलेला असायचा. वेग वाढवावा तर आवाज चिपमंकसारखा होई, शिवाय त्या रस्त्यावर जोरात जाणं म्हणजे सरळसरळ थाप. मधला भाग कापावा तर रोल्लातून निघाला तो थेट करामाला, म्हणजे ओगले नव्हे, हेलिकॉप्टर. मुरलीधर दोन दिवस त्या मिनिटांचा हिशेब मांडत होता. सव्वीस वर्षं वाट बघून मित्राला स्टेजवर न्यायचं आणि अर्ध्या रस्त्यात सोडून पडदा पाडायचा. मग आपण पुण्याला जायचं आणि तो तिथे अल नहदाला कायमचा उभा.  पण सात म्हणजे सात. सान्वीने अल नहदालाच संपणारी सात मिनिटांची फाइल केली, आणि बापाला न विचारता बाराची फाइलही लॅपटॉपवर शेजारीच ठेवली.

माणसं चार हवीत. मुरलीधर एक. सान्वी आधी “नो वे” म्हणाली, मग लाल शर्ट माझा मीच आणेन म्हणाली, म्हणजे दोन. तिसरा शेजारचा सदानंद, विमा कंपनीतला, ज्याला संगीताचं काही कळत नव्हतं पण नाही म्हणताही येत नव्हतं. चौथी जागा निनादची. आणि जर्मनांनी स्वतःच पायंडा पाडून ठेवला होता, की माणूस नसला तर त्याच्या जागी काय उभं करायचं.

शुक्रवारी मुरलीधर आणि सदानंद इंटरनॅशनल सिटीला ड्रॅगन मार्टमध्ये गेले आणि कपड्याच्या दुकानात ठेवतात तसला एक पुरुषी पुतळा घेऊन आले. सदानंदने घासाघीस करायचा फार प्रयत्न केला. शेवटी दुकानदार म्हणाला, हबीबी, इसका हाथ टेढ़ा है, इसलिए सस्ता दे रहा हूँ. उजवा हात कोपरातून पुढे आलेला, तळवा वर, बोटं जरा मिटलेली. कोणाकडे तरी काहीतरी मागतोय असा. अनुपमाने त्याला नीट न्याहाळलं आणि हनुवटी निनादभावजींचीच आहे असा निर्वाळा दिला. नंतर आठवडाभर त्या हातावर तिने ओले नॅपकिन वाळत घातले.

संमेलन शनिवारी दुपारी, शारजातल्या एका शाळेच्या सभागृहात. साडेतीनशे माणसं, अत्तराचा, मोगऱ्याचा आणि मसालेभाताचा एकत्र वास. प्रमुख पाहुणे होते एक मोठे मसाल्याचे व्यापारी, आणि ते येत होते दुबईहून, म्हणजे रस्त्यात होते. त्यांच्यासाठी सगळा कार्यक्रम मागेपुढे झाला. ते पोचल्यावर दीपप्रज्वलन झालं. आता पाहुण्यांनी दिवा लावल्या लावल्या मेलेल्यांची नावं कशी घ्यायची, म्हणून श्रद्धांजली पुढे ढकलली. “मध्ये कुठेतरी घेऊ,” असं ताईंनी माइकवरूनच जाहीर केलं. मग स्वागतगीत आलं, अहवाल आला, बालनृत्य आलं, एक मोर रडत आईकडे पळाला, आणि मध्ये कुठेतरी काही आलं नाही.

पडद्यामागे चौघे उभे राहिले. लाल शर्ट, काळे टाय, समोर चार टेबलं. मुरलीधरने शेवटची ताकीद दिली, की हलायचं नाही, हसायचं नाही, मान खाली, नजर यंत्रावर. जर्मन शिस्त. पुतळ्याला ती सांगावी लागली नाही. सदानंदला आत्तापासूनच पाठीला खाज सुटली होती.

मुरलीधरने ताईंना निवेदनाची चिठ्ठी दिली होती. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, कै. निनाद ओगले यांच्या स्मृतीस. दुसऱ्या ओळीपासून सादरकर्त्यांची नावं, जर्मन संगीत, वगैरे. ताई विंगेजवळच्या माइकपाशी आल्या आणि संथ आवाजात वाचायला लागल्या, “कै. निनाद ओगले यांच्या स्मृतीस...” आणि तेवढ्यात पडदा उघडला. पडदा ओढणाऱ्या गृहस्थांना ताई दिवसभर उशिराबद्दल बोलत होत्या. या खेपेला त्यांनी उशीर केला नाही.

सभागृहाला काय दिसलं? अंधुक दिवे. काळे टाय घातलेली चार माणसं, माना खाली, हातसुद्धा न हलवता उभी. कुठूनतरी खोल घरघर. आणि माइकवर लतिकाताई, हातात कागद, तोंडात ‘स्मृतीस’.

पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे झटकन उभे राहिले. अशा बाबतीत मागे राहायचं नाही ही त्यांची जुनी सवय. त्यांच्यामागे समिती उठली, समितीमागे देणगीदार, मग शालू, पैठण्या, गुडघ्याला पट्टे बांधलेले आजोबा, आणि बघता बघता साडेतीनशे माणसं हात पुढे बांधून, माना खाली घालून उभी. पोरांना चिमटे काढून गप्प केलं गेलं. एका क्षणात अशी शांतता झाली की मंडळाच्या इतिहासात कधी झाली नव्हती.

मुरलीधरला मान न उचलता डोळ्यांच्या कोपऱ्यातून एवढंच दिसलं, की सगळे उभे आहेत. त्याला वाटलं लोक घरी चालले. मग लक्षात आलं काय झालंय ते. त्याच्या पोटातून हसू वर आलं, ते त्याने दात दाबून गिळलं. माइकपाशी लतिकाताईंच्याही लक्षात आलं होतं.  साडेतीनशे माणसं श्रद्धांजलीला उभी असताना माइकवरून ‘बसा, हे गाणं आहे’ असं कोण सांगणार? त्यांनी कागद छातीशी धरला आणि मान खाली घातली. निरुपायच होता.

‘रोल्ला. निघालो,’ निनाद म्हणाला.

दोन मिनिटं झाली. श्रद्धांजली इथे संपते, पण घरघर चालूच होती, आणि घरघर चालू असताना पहिलं कोण बसणार? चार मिनिटं झाली. गुडघ्याला पट्टे बांधलेले आजोबा पुढच्या खुर्चीला धरून उभे. मसालेभात थंड होत होता. ‘अल नहदा. थांबलो,’ निनाद म्हणाला. मागच्या रांगेत कोणीतरी नाकातून आवाज काढला. ‘अल नहदा. अजून थांबलो.’ आता ओळखीची लाट रांगेरांगेतून पुढे यायला लागली. त्या सभागृहातल्या प्रत्येकाने त्या रस्त्यावर आपलं आयुष्य काढलं होतं, शिव्या घातल्या होत्या, पोरांना गाडीतच डबे भरवले होते, एकाचं तर मूल त्या रस्त्यावर जन्मता जन्मता राहिलं होतं. दुपारी त्याच रस्त्यात अडकलेले प्रमुख पाहुणे खांदे हलवून हसत होते, मान मात्र खालीच. माना खाली घातलेल्या साडेतीनशे माणसांचे खांदे हलायला लागले. काही हसत होते, काही एव्हाना रडत होते, आणि वरून बघणाऱ्याला फरक कळला नसता.

सात मिनिटं संपत आली. इंडिकेटरची टिकटिक मंद व्हायला लागली. सान्वीने, मान खालीच ठेवून, ओठ न हलवता सांगितलं,

“बाबा. नोबडी कॅन स्टॉप अस.”

मुरलीधरने विंगेकडे पाहिलं. जर्मन शिस्त तिथेच मोडली. पडदावाले गृहस्थ दोरीला हात न लावता, डोळे मिटून उभे होते. लतिकाताई मान खाली घालून उभ्या होत्या आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या. नियम त्यांना ठाऊक होता, हात मात्र बांधलेले होते.

“यल्ला,” मुरलीधर म्हणाला.

सान्वीने एक बोट हलवलं आणि सात मिनिटांची फाइल बाराच्या फाइलमध्ये कुठे मिसळली ते कोणाला कळलंसुद्धा नाही. निनाद अल नहदाहून हलला. ममझार आलं. देरा आलं, तिथे तो पुन्हा थांबला. मकतूम ब्रिजवर गाडीने वेग घेतला तेव्हा खालून सान्वीचा स्वतःचा ठेका हळूच शिरला, तोच शनिवारचा धडधडधड, आणि तो निनादच्या घरघरीत असा बसला जणू तेवीस वर्षं त्याची जागा राखून ठेवली होती. हे तिने बापालाही सांगितलं नव्हतं. मुरलीधरचे डोळे भरले. पुसायला हात हलवायचा नव्हता, म्हणून पाणी टायवर पडत राहिलं. त्याला इतका आनंद झाला होता आणि इतकं वाईट वाटत होतं, की यातलं नेमकं काय होतंय ते त्याने ठरवायचा प्रयत्नच सोडून दिला.

‘करामा,’ निनाद म्हणाला. ‘पोचलो. खलास.’

घरघर थांबली. टाळ्या झाल्या नाहीत. श्रद्धांजलीनंतर कोणी टाळ्या वाजवत नाही. लतिकाताईंच्या तोंडून आपोआप “ओम शांती, शांती, शांती” निघालं, आणि साडेतीनशे खुर्च्या एकदम करकरल्या. सव्वीस वर्षं मुरलीधर आणि निनाद ज्या टाळ्यांची चर्चा करत आले होते त्यातली एकही पडली नाही, आणि मुरलीधरला त्या आठवल्याही नाहीत.

सत्कार लगेच होता. कार्यक्रमपत्रिकेत ‘सादरकर्ते चार’ असं होतं म्हणून चार शाली तयार होत्या. प्रमुख पाहुणे स्टेजवर आले. मुरलीधरला शाल घातली, सान्वीला घातली, सदानंदला घातली, ज्याने शालीच्या आडून पहिल्यांदा पाठ खाजवून घेतली. मग चौथ्याला घातली, त्याचा पुढे आलेला हात हातात घेतला, आणि त्यांचा चेहरा क्षणभर बदलला. पण माणूस तीस वर्षं धंद्यात होता. त्यांनी तो थंड हात दोनदा हलवला, “फार छान, अभिनंदन” म्हणाले आणि फोटोसाठी कॅमेऱ्याकडे वळले.

पाहुणे उतरल्यावर प्रमाणपत्रं घेऊन लतिकाताई आल्या. नावं भरायची बाकी होती. मुरलीधर शाल सारखी करत बोलणी खायच्या तयारीने उभा राहिला.

“सात मिनिटं ठरली होती,” त्या म्हणाल्या.

“ट्रॅफिक होता, ताई.”

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग शाल पांघरलेल्या पुतळ्याकडे. टेबलावर प्रमाणपत्रं ठेवून त्यांनी तिघांची नावं लिहिली. चौथ्या कागदावर थांबल्या नाहीत, सरळ निनाद ओगले असं लिहिलं. खाली रकाना होता सभासद क्रमांकाचा. मुरलीधरला निनादचा क्रमांक माहीत नव्हता, आणि सांगून उपयोगही नव्हता. मेंबरशिप रिन्यू नव्हती. रकाना रिकामा ठेवा, असं तो म्हणणार होता.

“एकशे चौदा,” लतिकाताई स्वतःशीच म्हणाल्या आणि तो आकडा लिहिला. “सव्वीस अर्ज आलेत ना माझ्याकडे, त्यांचा नंबर असायचा प्रत्येकावर. अक्षर सुंदर होतं हो त्यांचं.”

शाई वाळावी म्हणून त्यांनी कागदावर फुंकर घातली. मग तो त्यांनी मुरलीधरकडे दिला नाही. पुतळ्याच्या पुढे आलेल्या हातात ठेवला, आणि त्या अर्धवट मिटलेल्या बोटांत तो बरोबर बसला.